डावीकडून दुसरी खिडकी

हॅझलो कोर्टच्या दर्शनी भिंतीत वरच्या मजल्यावर नऊ खिडक्या होत्या. त्यांतल्या आठ उघडायच्या. डावीकडून दुसरी कधीच उघडली नाही, कारण ती खिडकी नव्हतीच. विटांच्या भिंतीत खिडकीच्या मापाचा कोनाडा सोडलेला, त्याला सपाट गिलावा केलेला, आणि त्या गिलाव्यावर चौकट, तावदानं, मधल्या दांड्या असं सगळं नुसतं रंगवलेलं. मूळचं घर फार जुनं, लाकडी सांगाड्याचं, पोक आलेलं. राणी अ‍ॅनच्या काळातल्या, म्हणजे सतराशे दहाच्या सुमाराच्या, मॉर्डंटसाहेबांना ते गावंढळ वाटायला लागलं. त्यांनी ते पाडलं नाही, त्याच्यापुढे विटांची नवी ताठ भिंत उभी केली, मळक्या सदऱ्यावर नवा कोट चढवावा तशी. मधोमध दार, दाराच्या वर एक खिडकी, आणि दोन्ही हातांना चार-चार, हा त्या वेळचा हट्ट. डावीकडे एका जागी खिडकीमागे खोलीच मिळेना. मग तिथे रंग.

ही खिडकी माझे काका रंगवायचे. अँब्रोज टँडी, माझ्या थर्झा मावशीचे यजमान.

काका मूळचे आमच्या गावचे नव्हेत. ते लेम्स्टरचे. तिथे ते पाट्या रंगवत: खाटकाच्या दुकानावरची डुकराची मुंडी, दारूच्या गुत्त्यावरचा लाल सिंह, पिठाच्या गाड्यांवरची नावं. बावीस वर्षांचे असताना, एकोणीसशे नऊ साली, ते हॅझलोला रंगकामाला लागले. तिथला मुख्य रंगारी जोब गॉफ. त्याचे गुडघे गेले होते आणि शिडीचं नाव काढलं की तो शिव्या द्यायचा. पुढच्या उन्हाळ्यात खोट्या खिडकीची पाळी आली, दर सात वर्षांनी यायची, तेव्हा त्याने सगळं काकांच्या गळ्यात घातलं.

"काळा रंग मार. त्यावर पांढऱ्या रेघा ओढ. दोन दिवसांचं काम. तिसरा दिवस लावलास तर मी विचारणार, तू वर झोपला होतास का?"

काका आठ दिवस नुसते हिरवळीच्या कडेला उभे राहून खऱ्या खिडक्या बघत राहिले. त्यांचं म्हणणं, खिडकी बाहेरून काळी नसतेच. वरच्या तावदानांत आभाळ असतं, खालच्यांत समोरच्या देवदाराची सावली असते, एखाद्या काचेला जरासा बाक असतो आणि तिथे ढग मोडतो. शिवाय आभाळ दिवसभर बदलतं आणि रंगवलेलं बदलत नाही. मग कुठल्या वेळेचं रंगवायचं? सकाळचं रंगवलं तर संध्याकाळी ते खोटं पडणार. बरेच दिवस बघून काकांनी ढगाळ दिवसाची दुपारची तीनची वेळ ठरवली. तो उजेड कुठल्याही वेळी सहज खपून जातो, असं ते म्हणत. जवसाच्या तेलात सफेदा, काजळी आणि थोडीशी नीळ घोटून त्यांनी काचेमागचा अंधार केला, आणि त्या अंधारात, आत कुठेतरी, एक फिक्या पिवळ्या कापडाचा पडदा अर्धवट सरकवलेला दाखवला. पडद्याची खालची कड जरा तिरकी ठेवली, कुणी घाईत ओढून गेल्यासारखी.

बारा दिवस लागले. जोब गॉफ काठी टेकत आला, वर बघून म्हणाला, "हे काय केलंस, गाढवा?" आणि मग बराच वेळ तिथून हलला नाही.

थर्झा मावशी हॅझलोला आली ती पुढच्या वर्षीच्या एप्रिलात, वरच्या मजल्याची मोलकरीण म्हणून. एकोणीस वर्षांची, डोंगरापलीकडच्या खेड्यातली. तिने याआधी एकापेक्षा जास्त जिने असलेलं घर पाहिलेलं नव्हतं. घराची कारभारीण मिसेस प्रॉसर. कमरेला किल्ल्या, आणि आवाज असा की दूधही फाटावं. लेडी मॉर्डंट लंडनहून परत यायच्या दिवशी मिसेस प्रॉसरने तिला बाहेर पिटाळलं.

"हिरवळीवर जाऊन उभी राहा आणि सगळे पडदे एका रेषेत आहेत का बघ. एक जरी वाकडा दिसला तर वर येऊन सरळ कर. बाईसाहेबांना वाकडा पडदा खपत नाही."

थर्झाने पाहिलं. डावीकडून दुसऱ्या खिडकीचा पडदा वाकडा होता.

ती धावत वर गेली. पहिली खोली निळी, तिच्यात खिडकी एक, पडदा सरळ. तिथून बाहेर आली, बोळातून पुढच्या दारात शिरली, ती हिरवी खोली. पडदा सरळ. खिडकीतून खाली बघितलं तर देवदार अगदी समोर, म्हणजे ही तिसरी. मग दुसरी कुठे? ती पुन्हा खाली गेली, बोटाने मोजलं, पुन्हा वर आली. भिंतीला हात लावत चालली. कपाटं उघडली. एका कपाटात तिला पायऱ्या सापडल्या, त्या चढून ती माळ्यावर निघाली आणि तिथे तिला रडू फुटलं. चार खेपा झाल्यावर ती मागच्या जिन्यावर बसून एप्रनने डोळे पुसत होती. तिथल्या कठड्याला काका रंग देत होते.

"काय झालं गं? प्रॉसरबाईंनी झापलं?"

"अजून नाही. पण झापतील. खोली हरवलीय."

"खोली?"

"हसू नका हो. बाहेरून खिडकी दिसते, आत पडदासुद्धा दिसतो. वर आलं की ती खोलीच नाही. मी सगळी दारं उघडली. तुमच्या गळ्याची शपथ."

"माझ्या गळ्याची कशाला? स्वतःच्या घे." काकांनी कुंचला डब्यावर आडवा ठेवला. "पिवळा पडदा ना? जरासा तिरका?"

"हो! तुम्हाला माहीत आहे ती खोली?"

"तो पडदा मीच तिरका लावलाय."

"मग सरळ करा की! माझी नोकरी जाईल!"

"तो सरळ करायचा तर मला शिडी लागेल, परांची लागेल, आणि बारा दिवस कोरडी हवा."

थर्झाला वाटलं, हा माणूस आपली टर उडवतोय. काका तिला खाली घेऊन गेले, पार भिंतीला लागून उभं केलं आणि वर बघायला लावलं. इतक्या जवळून तावदानांचे नुसते कुंचल्याचे फटकारे झाले होते. तिने तोंडावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "मेल्या, सकाळपासून मी त्या पडद्यामागे ऊर फुटेस्तोवर धावतेय," आणि त्यांच्या दंडावर एक चापट मारली. 'तुम्ही'वरून 'मेल्या'वर यायला तिला पाऊण तास लागला, असं काका पुढे जन्मभर सांगत.

गोष्ट लेडी मॉर्डंटपर्यंत पोचलीच. बाई उंच, हाडकुळी, बोलायला तुटक. त्या चहानंतर एकट्याच हिरवळीवर आल्या, काकांना बोलावून घेतलं आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा इथे एक काळा ठोकळा होता. त्याची मला भीती वाटायची. पडदा तिरकाच राहू दे, टँडी." एवढं बोलून त्या आत गेल्या. मिसेस प्रॉसर मात्र पुढे कित्येक महिने त्या बाजूला बघायचीच नाही.

एकोणीसशे बारामध्ये काका-मावशीचं लग्न झालं. त्यांना फळबागेच्या टोकाला दोन खोल्यांचं घर मिळालं. छत इतकं खाली की काका आत आले की आपोआप नमस्कार घातल्यासारखे वाकत. रविवारी दुपारी ती दोघं चालत हॅझलोपर्यंत जायची. पुढच्या हिरवळीवर नोकरांनी बसायचं नाही, पण हिरवळ जिथे संपते तिथे मेंढ्या आत येऊ नयेत म्हणून खोल चर खणलेला होता; त्याच्या पलीकडचं कुरण सगळ्यांचं. तिथल्या गवतावर बसून ती त्या नसलेल्या खोलीची मांडामांड करायची.

मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायची, म्हणून मला ती खोली माझ्या स्वतःच्या घरापेक्षा जास्त चांगली आठवते. अक्रोडाच्या लाकडाचं उंच कपाट, त्याच्या आतल्या बाजूला लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या. खिडकीशी एक खुर्ची, हात ठेवायला गुबगुबीत. चहाची भांडी पांढरी, निळ्या काठाची. या सगळ्यावर तीन वाजताचा उजेड, जो कधी सरकत नाही. मेंढ्या चरायच्या, देवदारात कबुतरं घुमायची, मावशी डोळे मिटून बोलत राहायची, आणि माझी मान हळूहळू कलंडायची.

"शेगडी कुठे ठेवायची?" काका विचारायचे.

"शेगडी नको."

"थंडीत काय करशील मग?"

"काकडेन. सकाळी उठून अकरा शेगड्यांना काळं पॉलिश फासते मी. माझ्या खोलीत बारावी नको."

"बरं बाई. आणि आरसा?"

"आरसा कशाला? तुझं तोंड बघायला?"

त्यांना मूलबाळ झालं नाही. पहिल्या महायुद्धात काकांना फ्रान्सला नेलं आणि तोफांवर चिखलाचे नि पाल्याचे रंग मारायला बसवलं, म्हणजे वरून उडणाऱ्याला तिथे नुसतं रानच दिसावं. ते धडधाकट परत आले, पण त्या कामाबद्दल बोलले नाहीत. आल्यावर पहिल्या कोरड्या महिन्यात परांची बांधून त्यांनी खिडकी पुन्हा रंगवली. सव्वीस साली रंगवली, तेहतीस साली रंगवली. दर वेळी लेडी मॉर्डंट खाली येऊन विचारायच्या, "तीनच वाजलेत ना, टँडी?" आणि काका वरून म्हणायचे, "तीनच, बाईसाहेब."

मावशी अडतीस सालच्या फेब्रुवारीत गेली. छातीत कफ झाला, आणि नवव्या दिवशी पहाटे ती बोलेनाशी झाली. काका रडले नाहीत, निदान आमच्यासमोर नाही. ते रोज कामाला जात राहिले. दारं रंगवली, कुंपणं रंगवली, रंगवायचं काही उरलं नाही तेव्हा रंगकामाच्या शिड्या रंगवल्या.

वर्षभराने खिडकीची पाळी नसताना त्यांनी ती रंगवायची परवानगी मागितली. गावात कुजबुज झाली की टँडी आता बायकोला त्या खिडकीत उभी करणार. आमचे पाद्रीबाबा भाबडे होते, त्यांना हे फार आवडलं. ते कुरणातून चालत परांचीखाली आले.

"अँब्रोज, मी ऐकलं. सुंदर कल्पना आहे. सगळ्या गावाला ती दिसत राहील."

"कोण दिसत राहील?"

"तुझी थर्झा."

काका कुंचला पुसत म्हणाले, "पाद्रीबाबा, ती पश्चिमेच्या पावसात तिथे उभी राहील का? आणि सात वर्षांनी मी तिचा चेहरा खरवडून काढू?"

पाद्रीबाबा ओशाळले. काकांनी तिला रंगवलं नाही. त्यांनी फक्त खिडकीची खालची झडप हातभर वर सरकवलेली दाखवली, आणि पडदा त्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याने किंचित आत फुगलेला. "तिला उघडी हवी होती," एवढंच ते मला म्हणाले. "तेहतीस सालीच म्हणाली होती. मी म्हटलं, पुढच्या वेळी."

ती काकांची सगळ्यात चांगली खिडकी. मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते. सुटीच्या दिवशी नुसती ती बघायला जायची. बघता बघता आत कुणीतरी वावरतंय असं वाटायचं, आणि आपण बोलावलं तर हाकेला ओ येईल.

मे महिन्यात पाकोळ्या आल्या. हॅझलोच्या वळचणीला त्या दर वर्षी घरटी करायच्या. एका सकाळी काका मला फाटकाशी भेटले तेव्हा त्यांच्या ओंजळीत एक पाकोळी होती, मान पडलेली.

"आपटली," ते म्हणाले. "सरळ आत शिरायला गेली. काल एक, आज ही."

"काका, तुमचा काय दोष त्यात?"

"मग कुणाचा? वाट मी दाखवली." त्यांनी अंगठ्याने तिचे पंख मिटवले. "खोटं बोलायचं तर माणसाशी बोलावं, विनी. माणूस वर येऊन दारं उघडून बघतो, खाली जाऊन मोजतो. पाखरू विचारत नाही."

त्याच दुपारी ते शिडी लावून चढले आणि खिडकी बंद केली. ओल्या रंगावर घाईत काम केल्यामुळे ती जागा पुढे कायम जराशी ढगाळ राहिली.

मग दुसरं युद्ध झालं. लेडी मॉर्डंट सत्तेचाळीसच्या थंडीत वारल्या. घर त्यांच्या पुतण्याकडे गेलं, तो केनियात राहायचा आणि एवढं घर सांभाळणं त्याला जमणारं नव्हतं. त्या वर्षांत अशी घरं सगळीकडे पडत होती. छप्परं गळायची, मग शिशाचे पत्रे विकले जायचे, मग तुळया. चौपन्नच्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाडकामाचा मुकादम आला, बर्मिंगहॅमचा लेन बॅगॉट, मानेवर घामाचा रुमाल आणि सारखी शीळ. जिना आधीच गेला होता. खऱ्या खिडक्या कुठल्याशा हॉटेलसाठी चौकटींसकट काढून नेल्या. विटांच्या त्या लांबलचक भिंतीत आता सगळीकडे भोकं, आणि एकच खिडकी शाबूत.

काका सदुसष्ट वर्षांचे झाले होते. ते रोज सकाळी डबा घेऊन जायचे आणि उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर बसायचे. बॅगॉट त्यांना चिडवायचा.

"काय म्हातारबा, ती एवढी विकली गेली नाही बघा. काखेत मारून घरी न्या!"

"घरी ठेवायला जागा नाही," काका म्हणायचे.

एका मंगळवारी, मी शाळेच्या सुटीमुळे काकांना पाव-चीज द्यायला गेले होते तेव्हा, वरून येणारी बॅगॉटची शीळ थांबली. मग तो स्वतः खाली आला. टोपी हातात.

"टँडीबुवा, तुम्हाला हे घर माहीत आहे. निळ्या खोलीच्या उजव्या भिंतीमागे काय आहे?"

"विटा. जुनं धुराडं."

"धुराडं पुढे आहे. माझ्या माणसाची पहार आत गेली ती गेलीच. पलीकडे पोकळ आहे. या जरा."

जिना नव्हता म्हणून आम्ही शिडीने चढलो, काका पुढे, मी मागे. निळ्या खोलीच्या भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पाडलं होतं. आतून जुन्या धुळीचा थंड वास येत होता. बॅगॉटने वरचं छत उकललं होतं, त्यातून उजेड आत उतरत होता, आणि त्या उजेडात धूळ इतकी हळू फिरत होती की जणू तिला अडीचशे वर्षं झोपेतून कुणी उठवलंच नव्हतं.

खोली होती. पाच पावलं लांब, चार पावलं रुंद. जमीन आजूबाजूच्या खोल्यांपेक्षा गुडघाभर खाली. बाहेरच्या अंगाला लाकडी गजांची एक बुटकी खिडकी होती, विटांनी बुजवलेली; काकांच्या खिडकीपेक्षा हातभर खाली. तेव्हा सगळं कळलं. जुन्या घराची ही कोठडी नव्या भिंतीच्या रेषेत बसेना, म्हणून त्यांनी तिचं दार लिंपून टाकलं आणि बाहेर, तिच्याच डोक्याशी, खोटी खिडकी काढली.

पण आम्ही ते नंतर बोललो. आधी आम्ही भिंती बघितल्या. लाकडी खांबांच्या मधला कुडाचा प्रत्येक चौकोन रंगवलेला होता. गेरूच्या लाल वेली, त्यांना डाळिंबं, डाळिंबांवर निळे पक्षी. एका चौकोनात ससा पळत होता आणि पुढच्या चौकोनात त्याच्यामागचा कुत्रा. रंग मऊ, झोपेतल्यासारखे.

बॅगॉट खालच्या आवाजात म्हणाला, "कुणी केलं असेल?"

काका भिंतीशी गेले, नाक टेकेल इतक्या जवळ, आणि वेलीच्या मागावर डावीकडून उजवीकडे सरकू लागले, आंधळा माणूस पत्र चाचपतो तसे. कोपऱ्यात पोचले आणि एकदम हसायला लागले. मावशी गेल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

"विनी, इकडे ये. बघ. वरच्या पट्टीत फूल, पान, फूल, पान. आणि कोपऱ्यात काय?"

तिथे अर्धंच फूल होतं, भिंतीच्या कडेला चेंगरलेलं.

"मोजून नाही काढलं बेट्याने! म्हणाला असेल, बसेल की. आणि कोपऱ्यात फसला. मग वर चढलेला असताना मालक खालून बघतोय, आता पुसणार कसं? दडपलं अर्धं फूल." त्यांनी डोळे पुसले. "चारशे वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "तिचं कपाट मावलं नसतं इथे. खुर्चीसुद्धा दारातून आली नसती."

बॅगॉटला काम संपवायची मुदत होती. मला वाटलं, तो आता पहार उचलेल. तो म्हणाला, "माझी माणसं उद्यापासून तबेल्याकडे लागतील. सहा दिवस. सातव्या दिवशी मला इथे यावंच लागेल." त्याच्या आईच्या घरी भिंतीला फुलांचा कागद होता, असंही काहीतरी तो पुटपुटला.

निरोप धाडल्यावर जिल्ह्याच्या संग्रहालयातून मिस ऑर्टन आल्या. चाळिशीच्या, पुरुषी बूट घातलेल्या, दिवसभर उकडलेल्या अंड्यांवर राहणाऱ्या. कुडाचे चौकोन सुटे होते, म्हणून ते एकेक करून काढता येतील असं त्यांनी ठरवलं. चित्रावर सरस लावून पातळ कापड चिकटवायचं, मागून फळी द्यायची आणि खांबांमधून सोडवायचं. सरस किती दाट हवा यावर पहिल्याच तासात काकांचं नि त्यांचं भांडण झालं. दुसऱ्या तासापासून सरस काकाच शिजवू लागले. सतरा चौकोनांपैकी अकरा निघाले. ससा वाचला, कुत्रा वाचला. अर्ध्या फुलाचा कोपरा काकांनी स्वतःच्या हातांत धरला होता. फळी सरकवण्याआधीच तो आतून भुसभुशीत होऊन त्यांच्या बोटांमधून ओघळला. कापडावर लालसर भुकटी तेवढी उरली. काकांनी हात झटकले नाहीत. तसेच दिवसभर लाल हातांनी काम केलं.

सातव्या दिवशी बॅगॉटने दर्शनी भिंतीला दोर लावले. "ही सावकाश काढायची का?" त्याने खिडकीकडे बोट दाखवून विचारलं.

"कशाला? पाड," काका म्हणाले. भिंत खाली आली तेव्हा ते मजुरांच्या रांगेत बसून पाव आणि चीज खात होते. त्यांनी मान फिरवली नाही आणि खाणंही थांबवलं नाही. धूळ बसायला अर्धा तास लागला, आणि मग पलीकडचे डोंगर दिसले, जे त्या बाजूने आम्ही कुणी कधी पाहिले नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात मिस ऑर्टननी काकांना बोलावून घेतलं. हेरफर्डला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर त्या ती कोठडी पुन्हा उभी करत होत्या. अकरा चौकोन होते, सहा जागा रिकाम्या होत्या. काका आपले कुंचले घेऊन गेले.

"मिस्टर टँडी, तुम्ही वेली काढायच्या नाहीत."

"मला येतात काढता. तुम्हाला फरक कळणार नाही."

"म्हणूनच. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे होतं ते गेलं. मला तिथे नुसता एक रंग हवा. डोळ्यात भरणार नाही आणि मेलेलाही वाटणार नाही असा."

काका दोन दिवस घुश्शात होते. "आयुष्यभर नसलेलं आहे म्हणून दाखवलं," ते मला म्हणाले, "आणि आता ही बाई सांगते, नाही ते नाहीच दाखव." मग ते कामाला लागले. आणि तो रंग त्यांना सापडेना. करडा केला तर भिंत आजारी दिसायची. पिवळट केला तर डाळिंबं फिकी पडायची. गेरूकडे झुकवला की सगळ्या खोलीला ताप चढायचा. ते आठवड्यातून दोनदा बसने जात, मुरंब्याच्या बरण्यांत नमुने भरून आणत, घरी खिडकीत मांडत आणि मान हलवत. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मिस ऑर्टननी घाई केली नाही.

मार्चमध्ये एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर बसमध्ये होते. रात्री पाऊस पडून गेला होता. धुकं फळबागांच्या कमरेपर्यंत होतं, आणि छाटलेली सफरचंदाची झाडं त्यातून नुसतीच वर आलेली, जणू त्यांना खाली खोडंच नव्हती. काचेवर वाफ. काका डुलक्या घेत होते. चढावर ड्रायव्हरने वेग कमी केला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, बाहीने काच पुसली आणि एकदम माझं मनगट धरलं.

डाव्या हाताला नांगरलेलं शेत होतं, आमच्याकडच्या तांबड्या मातीचं. वरंब्यांचे माथे वाऱ्याने सुकायला लागले होते, खालची ओल अजून तशीच होती.

"तो," काका म्हणाले. "खालचा नाही. माथ्याचाही नाही. मधला."

मला काहीच वेगळं दिसलं नाही, पण मी म्हटलं, "हो, काका."

"थांबवा हो बस!" ते ओरडले.

ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "आजोबा, इथे थांबा नाहीये."

"माहीत आहे मला. दोन मिनिटं." आणि अडुसष्टाव्या वर्षी ते बसमधून उतरले, कुंपणाच्या फटीतून आत शिरले आणि चिखलात एका गुडघ्यावर बसून डब्यात माती भरू लागले. बसमधले सगळे त्या बाजूच्या खिडक्यांशी जमा झाले होते. इंजिन नुसतं घुरघुरत होतं.